कंपनीचा हिशेब कुठं ठेवायचा? ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, भाड्याच्या सर्व्हरवर की क्लाऊडवर

हिंगोली : हळदीचा हंगाम लागला की हिंगोली, वसमतच्या मोंढ्यासोबत शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या काट्यावरही ट्रॅक्टर लागतात. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या खरेदीतही तेच. सभासद शंभर-दीडशे असतात तोवर वही आणि एका कॉम्प्युटरवरची टॅली पुरते. सभासद वाढले, खरेदीची ठिकाणं दोन-तीन झाली, प्रक्रिया युनिट आलं, बँकेनं खेळत्या भांडवलासाठी रोजचा साठा मागायला सुरुवात केली, की संचालक मंडळात विषय निघतो : सगळा कारभार एका सॉफ्टवेअरवर घेऊ.

मग विकणारा माणूस येतो. स्क्रीनवर रंगीत आलेख दाखवतो, भाव सांगतो. मंडळ भावात घासाघीस करतं, चहा होतो, ठराव होतो. पण हे सॉफ्टवेअर आणि त्यातला डेटा राहणार कुठं, आणि त्याची चावी कुणाच्या हातात राहणार, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. पुढं अडचण येते ती बहुतेक इथंच. म्हणून ही माहिती.

या सॉफ्टवेअरमध्ये काय काय असतं

याला ईआरपी म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्यतः हिशेब असतो, साठाही ठेवता येतो. ईआरपीत हिशेबाच्या मागचा सगळा व्यवहार येतो. कोणत्या सभासदाचे किती शेअर्स, त्यानं कोणत्या तारखेला किती पोती आणली, काट्याची पावती, ओलावा किती निघाला, बारदाना कुणाचा, हमाली-तोलाई किती कापली, पट्टी किती झाली, पैसे कोणत्या खात्यावर गेले, माल कोणत्या गोदामाच्या कोणत्या थप्पीला लागला, तिथून सांगलीला किती गेला. खत-बियाण्याची विक्री, उधारी, जीएसटी, पगार, सगळं एकमेकाला जोडलेलं.

जोडलेलं असल्यामुळं काम हलकं होतं. पण जोडलेलं असल्यामुळंच ते गेलं तर एकदम सगळं जातं. वहीचं एक पान फाटलं तर एक पान जातं. इथं सभासदाचं भागभांडवल, त्याची न मिळालेली पट्टी आणि वर्षाअखेरचा बोनस ज्या खरेदीवर ठरायचा ती खरेदी, सगळं एकाच जागी असतं.

सोसायट्यांचं सरकारनं ठरवून टाकलं

गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीला हा प्रश्न पडत नाही. कारण तो केंद्र सरकारनं सोडवून टाकला. 29 जून 2022 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळ समितीनं देशातल्या 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च 2 हजार 516 कोटी रुपये. अंमलबजावणी नाबार्डकडं. 24 फेब्रुवारी 2024 ला 18 हजार संस्थांमधल्या संगणकीकरणाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं.

या योजनेत प्रत्येक सोसायटीला वेगळं सॉफ्टवेअर नाही. सगळ्यांना एकच, क्लाऊडवरचं, स्थानिक भाषेतलं. डेटा साठवण आणि सायबर सुरक्षा त्याच योजनेत धरलेली. कारण उघड आहे. त्याआधी कुठं संगणक नव्हता, कुठं वेगवेगळी सॉफ्टवेअर होती, एकाचा हिशेब दुसऱ्याशी जुळत नव्हता, जिल्हा बँकेला आकडे हातानं भरून घ्यावे लागत. गटसचिव चार-चार सोसायट्या सांभाळतो, त्याच्याकडून सर्व्हर सांभाळायची अपेक्षा कोण करणार?

या योजनेतली एक गोष्ट उत्पादक कंपन्यांनी नीट बघण्यासारखी आहे. नुसतं सॉफ्टवेअर दिलं असं नाही. जुन्या नोंदी संगणकावर चढवणं, प्रशिक्षण, देखभाल, आणि सुमारे 200 संस्थांच्या गटामागं जिल्हा पातळीवर मदत, हे सगळं मंजुरीतच धरलं आहे. म्हणजे सॉफ्टवेअर कुठं ठेवायचं हे ठरवतानाच, बिघडलं तर कोण धावून येणार हेही ठरवलं.

शेतकरी उत्पादक कंपनी मात्र कंपनी कायद्याखालची. तिचा निर्णय तिनंच घ्यायचा, आणि धावून येणारा माणूसही तिनंच शोधायचा.

हळद ठेवायच्या जागा जशा

शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद ठेवायला शेतकऱ्याकडं तीन जागा असतात. घरची खोली. मोंढ्याजवळ भाड्यानं घेतलेलं शेड, जिथं कुलूप आपलं, राखण आपली. नाही तर वखार महामंडळाचं गोदाम, जिथं राखण, कीडनाशक, विमा त्यांचा, आपल्या हातात पावती. सॉफ्टवेअरचंही असंच आहे.

घरची खोली म्हणजे कंपनीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर किंवा सर्व्हर. भाड्याचं शेड म्हणजे मुंबई-पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्यानं घेतलेला सर्व्हर, ज्यावर सॉफ्टवेअर बसवायचं आणि सांभाळायचं काम आपलं किंवा आपण नेमलेल्या माणसाचं. वखार म्हणजे तयार क्लाऊड. सॉफ्टवेअर त्यांचं, सर्व्हर त्यांचा, देखभाल त्यांची. आपण माणसामागं किंवा कंपनीमागं महिन्याचं भाडं भरायचं, मोबाईल किंवा ब्राउझर उघडायचा, काम करायचं.

क्लाऊड म्हणजे ढग, पण डेटा काही आभाळात नसतो. ॲमेझॉननं 2016 मध्ये मुंबईत आपली डेटा सेंटरं सुरू केली, मायक्रोसॉफ्टची 2015 पासून पुणे आणि मुंबईत आहेत, गूगलची 2017 पासून मुंबईत. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठ्या इमारती केवळ याच कामासाठी उभ्या आहेत. विकणाऱ्याला सरळ विचारावं, आमचा डेटा कोणत्या शहरात राहणार? ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी पुढचं बोलणं थांबवलेलं बरं.

ऑफिसातच ठेवलं तर

आपली वस्तू आपल्या डोळ्यासमोर, हे समाधान मोठं असतं. महिन्याचं भाडं नाही. नेट गेलं तरी त्याच इमारतीतलं काम चालू राहतं, हा खरा फायदा आहे. काट्यावर चाळीस ट्रॅक्टर उभे असताना नेट गेलं म्हणून पावती थांबली, तर शेतकरी ऐकून घेत नाही.

पण सर्व्हर म्हणजे नुसता मोठा कॉम्प्युटर घेऊन टेबलाखाली ठेवायचा असं नाही. त्याला यूपीएस लागतो, चांगलं अर्थिंग लागतं, कारण मे-जूनच्या वळवाच्या पावसात वीज कडाडली की गावातले टीव्ही, मोटारीचे स्टार्टर जळतात तसा तोही जळतो. थंड आणि धूळ नसलेली खोली लागते. हळद कंपन्यांच्या ऑफिसात ही अडचण जास्त आहे. पॉलिशच्या ड्रमची पिवळी धूळ भिंतीवर, फायलीवर, चहाच्या कपावर असते, ती कॉम्प्युटरच्या पंख्यात जाणार नाही असं होत नाही. पोत्यामागं उंदीर आणि उंदरामागं कुरतडलेल्या वायरी, हेही गोदामाला लागून असलेल्या ऑफिसात नवीन नाही.

पूर-आगीचाही विचार करावा लागतो. जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पाणी गावात घुसलं, घरं-दुकानातलं सामान भिजलं. पाणी दुकानात शिरतं तेव्हा वहीही जाते आणि कॉम्प्युटरही जातो. वहीची दुसरी प्रत नसते, कॉम्प्युटरमधल्या डेटाची ठेवता येते. फक्त ती दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली पाहिजे.

सगळ्यात मोठी गोष्ट माणसाची. सर्व्हरची सिस्टीम वेळच्या वेळी अपडेट करणं, अँटिव्हायरस, पासवर्ड, बॅकअप, हे रोजचं काम आहे, दावणीच्या जनावराला रोज वैरण-पाणी लागतं तसं. एक अकाउंटंट, तोच डेटा एंट्रीवाला, तोच बँकेत जाणारा, असं असेल तर हे काम होत नाही. आठ दिवस होतं, मग राहून जातं.

भाड्याचा सर्व्हर

यात वीज, थंडावा, आग, पूर यांची काळजी डेटा सेंटरवाल्याची. सॉफ्टवेअरची काळजी आपली. हा मार्ग बहुतेक करून फुकट परवान्याच्या सॉफ्टवेअरसोबत येतो. त्यातलं आपल्याकडचं नाव म्हणजे ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीनं तयार केलेलं हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत आणि आतली रचना कुणालाही बघता-बदलता येते. बेल्जियमच्या ओडूचीही एक फुकट आवृत्ती आहे.

फुकट म्हटलं की आपल्याकडं डोळे चमकतात. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी बसवणारा, हळदीच्या पट्टीप्रमाणं त्यात बदल करणारा आणि मध्यरात्री बंद पडलं तर उठणारा माणूस फुकट नसतो. ईआरपीनेक्स्ट लिनक्सवर चालतं. ते येणारा माणूस तालुक्याला मिळणं अवघड, नांदेड, संभाजीनगर किंवा पुण्याचा धरावा लागतो. असा माणूस किंवा फर्म वर्षाच्या करारानं बांधलेली असेल तर हा मार्ग चांगला आहे, कारण उद्या त्या माणसाशी जमलं नाही तर तेच सॉफ्टवेअर, तोच डेटा घेऊन दुसऱ्याकडं जाता येतं. करार नसेल, कुणाच्या तरी पुतण्यानं हौसेनं बसवून दिलं असेल, तर तो पुतण्या नोकरीला लागेपर्यंतच ते चालतं.

तयार क्लाऊड

लहान कंपनीला सगळ्यात कमी डोकेदुखी यात. उद्या काम सुरू करता येतं, अपडेट आपोआप येतात, संचालकाला शेतातून मोबाईलवर साठा दिसतो. फ्रॅपेही स्वतःचं क्लाऊड चालवते, त्यामुळं ईआरपीनेक्स्ट हवं पण सर्व्हर सांभाळायचा नाही, अशा कंपनीलाही ही सोय आहे.

तोटेही तेवढेच सरळ. भाडं कायमचं, आणि ते वाढू शकतं. आपल्या मनासारखा बदल हवा तर त्यांनी केला तरच होतो. आणि भाडं थकलं तर दार बंद. वखारीत ठेवलेल्या हळदीवर आपलं नाव असतं, पावती असते, कायदा असतो. इथं पावती म्हणजे फक्त करार. करार न वाचता टिक केला असेल तर काय मिळणार आणि काय नाही, हे अडचण आल्यावरच कळतं.

लाईट आणि नेटचं गणित

क्लाऊडला नेट लागतं, ऑफिसातल्या सर्व्हरला वीज लागते, आणि खेड्यात दोन्हीचा भरवसा नाही. क्लाऊड घेणाऱ्या कंपनीनं फायबरची एक जोडणी आणि वेगळ्या कंपनीचं एक सिम टाकलेला राऊटर, अशी दोन नेटं ठेवावीत. राऊटर इन्व्हर्टरवर घ्यावा. हे साधं काम अनेक जण विसरतात, लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि राऊटर बंद असतो.

खरेदी करण्याआधी एक चाचणी जरूर करावी. विक्रेत्याला ऑफिसात नको, काट्यावर बसवावं. नेट बंद करावं आणि सांगावं, आता दहा पावत्या काढा. काही सॉफ्टवेअर नेट नसताना पावती मोबाईलमध्ये साठवून घेतात आणि नेट आलं की वर पाठवतात, काही जागच्या जागी थांबतात. थांबणारं असेल तर हंगामात छापील पावती पुस्तक हाताशी ठेवावं लागेल, आणि त्या पावत्या संध्याकाळी कोण चढवणार हे आधीच ठरवावं लागेल. दोन खरेदी केंद्रांवर एकच पावती क्रमांक पडणार नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

कायदा काय म्हणतो

उत्पादक कंपनी शेतकऱ्यांची असली तरी हिशेबाचे नियम इतर कंपन्यांसारखेच लागतात. नियमांमध्ये ऑगस्ट 2022 मध्ये बदल झाला. हिशेबाची पुस्तकं कॉम्प्युटरवर ठेवली असतील तर ती भारतात कधीही उघडता आली पाहिजेत, आणि त्यांचा बॅकअप भारतातच प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज घेतला गेला पाहिजे. आधी 'ठरावीक काळानं' असं होतं, आता 'रोज' आहे. म्हणजे महिन्यातून एकदा पेनड्राईव्हवर काढून कपाटात ठेवणं, हे नियमात बसत नाही. परदेशातल्या स्वस्त सर्व्हरचा मोहही इथंच सोडावा लागतो.

सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल तर सेवा देणाऱ्याचं नाव, ठिकाण, आयपी पत्ता, क्लाऊडचा पत्ता ही माहिती दरवर्षी वित्तीय पत्रकं भरताना कंपनी निबंधकांना द्यावी लागते. सीए हे विचारेल तेव्हा विक्रेत्याला शोधत बसण्यापेक्षा करारातच हे लिहून घ्यावं. पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपायची आहेत. ती न ठेवल्यास जबाबदार अधिकाऱ्याला 50 हजार ते 5 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तिसरी गोष्ट एडिट लॉगची. 1 एप्रिल 2023 पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे आणि ती बंद करता येता कामा नये. समजा एखाद्या सभासदाची पट्टी 82 हजारांची होती आणि कुणी ती 72 हजार केली, तर कुणी, कधी, किती वाजता केली हे सॉफ्टवेअरनं लिहून ठेवलं पाहिजे. संचालकांना ही कटकट वाटते. सभासदाच्या बाजूनं बघितलं तर यापेक्षा चांगला नियम नाही. सर्व्हर आपल्याच ऑफिसात असेल आणि त्याचा मुख्य पासवर्ड अकाउंटंटकडंच असेल, तर सॉफ्टवेअरच्या मागच्या दारानं डेटाबेसमध्ये हात घालायची शक्यता उरते. म्हणून ऑडिटर अशा ठिकाणी जास्त प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच पाहिजेत.

वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेली असेल तर 1 ऑगस्ट 2023 पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या करपात्र मालाच्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस लागतं. ते सरकारी पोर्टलला नेटवरूनच जोडतं. म्हणजे सर्व्हर ऑफिसात ठेवला म्हणून नेटपासून सुटका होत नाही.

सभासदांचे आधार, सातबारा, बँक पासबुकाच्या प्रतीही याच सॉफ्टवेअरमध्ये चढवल्या जातात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणं तो डेटा सांभाळायची जबाबदारी तो गोळा करणाऱ्याची, म्हणजे कंपनीची. काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी सुटत नाही.

चावी कुणाच्या नावावर

आता मुख्य मुद्दा. ऑफिसात ठेवा, भाड्यानं ठेवा की क्लाऊडवर ठेवा, खाते कुणाच्या नावावर आहे यावर सगळं ठरतं.

नेहमीचा प्रकार असा असतो. सुरुवातीला घाई असते. अकाउंटंट किंवा सीईओ स्वतःच्या जीमेलवर खातं उघडतो, ओटीपीसाठी स्वतःचा मोबाईल देतो, पैसे स्वतःच्या कार्डनं भरतो आणि नंतर बिल लावून घेतो. वाईट हेतू कुणाचा नसतो. दोन-तीन वर्षांनी तो नोकरी सोडतो. 10 हजार उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत सीईओ आणि अकाउंटंटच्या पगाराला मदत असते, पण ती तीन वर्षांसाठी. मदत थांबली की पगार थांबतो, पगार थांबला की माणूस जातो. जाताना हिशेब देतो, चाव्या देतो, शिक्के देतो. खातं मात्र त्याच्या जीमेलवरच राहतं. नवीन माणूस पासवर्ड बदलायला जातो तर ओटीपी पुण्यात नोकरीला लागलेल्याच्या मोबाईलवर जातो. तो भला असेल तर फोनवर सांगतो. थकीत पगारावरून तोंड फिरवून गेला असेल तर?

दुसरा प्रकार विक्रेत्याचा. भाड्याचा सर्व्हर तो स्वतःच्या नावावर घेतो, वर आपलं आणि आणखी दहा गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअर चालवतो, आपल्याला एकच बिल देतो. सोयीचं वाटतं. पण मूळ डेटा सेंटरच्या दृष्टीनं गिऱ्हाईक तो आहे, आपण नाही. त्यानं त्यांचं भाडं थकवलं तर आपलंही दार बंद, आणि आपण कितीही पावत्या दाखवल्या तरी डेटा सेंटरवाला आपल्याला ओळखत नाही.

उपाय महाग नाहीत. कंपनीच्या नावाचा ईमेल काढावा. ओटीपीसाठी कंपनीच्या नावावर वेगळं सिम घ्यावं, ते ऑफिसातल्या साध्या मोबाईलमध्ये ठेवावं आणि त्याचं रिचार्ज संपू देऊ नये, नाही तर काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्याला जातो. वेबसाईटचं नाव, सर्व्हरचं खातं, क्लाऊडचं खातं कंपनीच्या नावावर, पैसे कंपनीच्या बँक खात्यातून. मुख्य ॲडमिन पासवर्ड लिहून बंद पाकिटात, अध्यक्षांकडं किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. अकाउंटंटला, केंद्रावरच्या मुलाला, संचालकाला वेगवेगळे लॉगिन, प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच. एकच पासवर्ड सगळ्यांना दिला तर एडिट लॉगमध्ये एकच नाव दिसतं आणि त्याचा काही उपयोग राहत नाही.

विक्रेत्याशी करार करताना सोडून जायची वाट आधी लिहून घ्यावी. सोयरीक जुळवताना फारकतीचं बोलू नये म्हणतात, इथं बोलायलाच पाहिजे. करार संपल्यावर किती दिवस डेटा ठेवणार? पूर्ण डेटा कोणत्या स्वरूपात देणार? एक्सेल दिलं तरी चढवलेल्या पासबुकाच्या प्रती, काट्याच्या पावत्यांचे फोटो, एडिट लॉग हे सगळं देणार का? त्याचे वेगळे पैसे घेणार का? भाडं थकलं तर लगेच बंद करणार की निदान वाचण्यापुरतं उघडं ठेवणार? आणि दुकानच बंद केलं तर किती दिवस आधी कळवणार?

सुरक्षित कोण?

आपल्या ऑफिसात आहे म्हणून सुरक्षित, किंवा मोठ्या कंपनीच्या क्लाऊडवर आहे म्हणून सुरक्षित, दोन्ही समज खोटे ठरलेले आहेत. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून चोरट्यांनी सुमारे 94 कोटी रुपये काढले. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर खंडणीखोर व्हायरसनं बंद पाडले, जवळपास दोन आठवडे नोंदणी हातानं करावी लागली. एवढ्या मोठ्या रुग्णालयाची ही गत, तर टेबलाखालच्या सर्व्हरचं काय सांगावं.

उलट बाजूनं, 31 जुलै 2024 ला लहान बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर असाच हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे व्यवहार एकदम अडकले. त्यात सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. एकाच वखारीत सगळ्यांचा माल, म्हणून एकाच वेळी सगळ्यांना फटका. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचं अख्खं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचा डेटा कायमचा गेला.

म्हणून बॅकअप. एक प्रत जिथं काम चालतं तिथं, दुसरी रोज आपोआप दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तिसरी आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्डडिस्कवर, जी काम झालं की वायर काढून दुसऱ्या इमारतीत ठेवायची. वायर काढायचं कारण एवढंच की खंडणीखोर व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. तयार क्लाऊडवाले 'बॅकअप आमचा असतो' म्हणतात, तो असतोही, पण तो त्यांच्याच घरात असतो. आपली प्रत आपल्याकडं वेगळी हवी.

आणि घेतलेला बॅकअप उघडून बघावा. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो चढवावा आणि तीन आकडे जुळवावेत : एकूण भागभांडवल, गोदामातला शिल्लक साठा आणि शेवटच्या पावतीचा क्रमांक. जुळले तर बॅकअप आहे. बियाणं पेरण्याआधी पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण बघतात, तसंच हे.

खर्च मांडायचा तो पाच वर्षांचा

ऑफिसातला सर्व्हर पहिल्या वर्षी महाग, नंतर स्वस्त दिसतो. क्लाऊड पहिल्या वर्षी स्वस्त, नंतर भाडं चालूच. त्यामुळं एका वर्षाच्या भावावर तुलना केली तर फसगत होते. हिशेबापुरतं धरू : क्लाऊडचं भाडं माणसामागं महिना 500 रुपये आणि सहा माणसं, तर वर्षाला 36 हजार, पाच वर्षांत 1 लाख 80 हजार. दुसऱ्या बाजूला सर्व्हर, यूपीएस, बॅटरी बदल, विजेचं बिल, वार्षिक देखभाल आणि त्याला बघणाऱ्या माणसाचे पैसे. शेवटची रक्कम लोक धरत नाहीत, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात मोठी असते. दोन्हीकडं जुना डेटा चढवण्याचा आणि शिकवण्याचा खर्च वेगळा.

अनुदानातून घेताना तर हे जास्त जपावं. अनुदानात पहिली खरेदी बसते, चौथ्या वर्षीचं भाडं बसत नाही. ते कंपनीच्या नफ्यातून निघणार का, हे मंडळानं विचारावं. निघत नसेल तर आज लहान सॉफ्टवेअर घेतलेलं बरं.

कुणी काय घ्यावं

एकच ऑफिस, एकच अकाउंटंट, दोन-तीनशे सभासद, वर्षातून एक-दोन हंगाम खरेदी : अशा कंपनीनं ईआरपीच्या मागं लागायची गरज नाही. एडिट लॉग असलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, सभासद नोंदवही व्यवस्थित, आणि रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर, एवढं पुरतं. यात कमीपणा काही नाही.

दोन-तीन खरेदी केंद्रं, प्रक्रिया युनिट, पण कॉम्प्युटरचा जाणकार पगारावर नाही : तयार क्लाऊड. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्यातल्या बहुतेक कंपन्या याच गटात बसतील.

स्वतःच्या पद्धतीचं काम, सभासदांच्या बोनसचं वेगळं गणित, निर्यातीसाठी प्रत्येक पोत्याचा माग ठेवायचा आहे, आणि वर्षाच्या करारावर खात्रीची फर्म मिळाली आहे : भाड्याच्या सर्व्हरवर मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, सर्व्हर कंपनीच्याच नावावर.

मुख्य सर्व्हर ऑफिसात ठेवायचा निर्णय फक्त तिथंच घ्यावा जिथं नेटचा काहीच इलाज नाही आणि तो बघायला माणूस आहे. मधला मार्ग म्हणजे काट्यावर नेटशिवाय चालणारं छोटं सॉफ्टवेअर आणि मुख्य हिशेब क्लाऊडवर. दाळ मिल, हळद युनिटला तो जास्त सोयीचा पडतो.

निर्णय काहीही होवो, तो संचालक मंडळाच्या ठरावात लिहावा : सॉफ्टवेअरचं नाव, डेटा कोणत्या शहरात, खातं कोणत्या ईमेलवर आणि कोणत्या सिमवर, पासवर्डचं पाकीट कुणाकडं, बॅकअप रोज कोण बघणार, आणि तो माणूस रजेवर असेल तेव्हा दुसरा कोण. जुनं आणि नवं सॉफ्टवेअर निदान एक हंगाम सोबत चालवावं. सुरुवात हळदीच्या ऐन गर्दीत नको, नवं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये लागतं पण तेव्हा काट्यावर मान वर करायला वेळ नसतो. जून-जुलैत पेरण्या आटोपल्यावर जुन्या नोंदी चढवायला घेतल्या, तर सोयाबीनच्या खरेदीपर्यंत हात बसतो.